चामड्यातल्या पाण्याचा हिशेब

समजा, एप्रिलच्या सुट्टीत तुम्ही साठवलेल्या पैशांतून चामड्याचा एक चांगला मोठा तुकडा विकत आणला. त्यातून एक पट्टा कापला, पुस्तकात ठेवायच्या दोन खुणा केल्या, त्यांवर नक्षीचे ठसे उमटवले. उरलेला तुकडा नीट घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि ती पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी ठेवून दिली. शाळा सुरू झाली, पाऊस सुरू झाला, चामडे विसरले गेले. गणपतीच्या सुट्टीत पुन्हा आठवण झाली. ट्रंक उघडली, गाठ सोडली आणि कुबट वासाचा भपकारा आला. चामड्यावर हिरवट-पांढऱ्या बुरशीचे ठिपके पडले होते. घडीच्या जागी एक चिरलेली रेघ उमटली होती. किमतीची चिठ्ठी ज्या टाचणीने लावली होती, तिच्याभोवती शाई सांडावी तसा काळा डाग पडला होता.

'समजा' असे म्हटले खरे, पण हा प्रसंग माझाच आहे. त्या दिवशी मी सगळा दोष पावसाला दिला. पुढे कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला, तेव्हा कळले की ते पाणी बहुतेक पावसाचे नव्हतेच! मग ते आले कोठून? हे शोधून काढायचे, तर आधी चामडे म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

कातडे आणि चामडे

जनावराच्या अंगावरून काढलेले असते ते कातडे. ते तसेच ठेवले तर एकदोन दिवसांत सडू लागते. त्याच्यावर प्रक्रिया केली की त्याचे चामडे होते. या प्रक्रियेला आपल्या भाषेत 'कमावणे' म्हणतात. किती योग्य शब्द आहे पाहा. चामडे आयते मिळत नाही, ते कष्टाने कमवावे लागते!

कातडे मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे बनलेले असते. हे तंतू एकमेकांत गुंतून त्यांचे जणू दाट विणलेले घोंगडे तयार झालेले असते. कोलॅजेनचा रेणू कसा असतो, याचे कोडे सोडवण्यात भारतीय शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ साली दाखवून दिले की, कोलॅजेनचा रेणू म्हणजे तीन साखळ्यांचा एकमेकींभोवती घातलेला पीळ आहे. अभ्यासासाठी त्यांनी कांगारूच्या शेपटीतील कंडरेचे कोलॅजेन वापरले. ते त्यांना मद्रासच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून मिळाले होते. ही संस्था १९४८ साली स्थापन झाली.

ओल्या कातड्यातले हे प्रथिन जिवाणू सहज पचवतात. यालाच आपण सडणे म्हणतो. कमावताना कातड्यात टॅनिन नावाचे तुरट पदार्थ मुरवले जातात. ते कोलॅजेनला घट्ट चिकटून बसतात आणि मग जिवाणूंना ते तंतू पचवता येत नाहीत. कच्चे आवळे किंवा हिरडा चघळल्यावर जीभ आखडल्यासारखी होते ना? तेही टॅनिनचेच काम. आपल्याकडे कोल्हापुरी वहाणांचे चामडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावले जाते. कारागीर कातड्याची पिशवी शिवतात, तिच्यात साल-हिरड्याचे पाणी भरतात आणि ती टांगून ठेवतात. हे काम कित्येक आठवडे चालते. इंग्रज शास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही याने १८०३ साली अशा तुरट वनस्पतींवर निबंध लिहिला. त्याने तपासलेल्या पदार्थांत मुंबई आणि बंगालहून गेलेला खैराचा कातही होता.

बाजारात दुसऱ्या प्रकारचे चामडेही भरपूर मिळते. ते क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ते मऊ असते आणि पाण्याला व उष्णतेला अधिक दाद देत नाही. मात्र त्यावर ठसे चांगले उमटत नाहीत. त्यामुळे नक्षीकामासाठी साल-हिरड्यासारख्या वनस्पतींनी कमावलेले चामडेच घ्यावे लागते. साठवणुकीत जपावे लागते तेही मुख्यतः हेच.

कमावलेल्या चामड्याला बुरशी का लागते?

कमावल्यामुळे कातडे सडायचे थांबते, पण पाणी पिण्याचे थांबत नाही. चामड्याच्या तंतूंना पाण्याची ओढ असते. हवा दमट झाली की चामडे हवेतली वाफ शोषते आणि हवा कोरडी झाली की ती सोडते. 'चामडे श्वास घेते' असे कारागीर म्हणतात, त्याचा अर्थ हाच.

येथे 'सापेक्ष आर्द्रता' हा शब्द नीट समजून घेऊ. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. तेवढीच वाफ असेल तर आर्द्रता १०० टक्के. निम्मी म्हणजे १५ ग्रॅम असेल तर ५० टक्के. ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याच्या वजनात साधारण १४ टक्के पाणीच असते. हात लावला तर ते अगदी कोरडे लागते, तरीही! आर्द्रता वाढली की हे प्रमाण वाढत जाते.

बुरशीची बीजे हवेत सगळीकडे असतात. चामड्यावर तेल, घामाचे डाग, साल-हिरड्यातून आलेली थोडी साखर असे खाद्यही असते. काही बुरशी तर टॅनिनसुद्धा पचवतात. अडते ते फक्त पाण्यावाचून. आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की ती अडचणही दूर होते. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. मग बुरशीला आणखी काय हवे?

करून पाहा : तीन बाटल्या

रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या तीन बाटल्या घ्या. वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याचे तीन सारखे तुकडे कापा. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर प्रत्येकाचे वजन करून ते वहीत लिहा. पहिल्या बाटलीच्या तळाशी सिलिका जेलचे दाणे घाला. दुसरीत खायच्या मिठात थोडेसे पाणी घालून केलेला दाट लगदा ठेवा. अशा लगद्यावरच्या बंद हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. तिसरीत पाण्याने भिजवलेला कापूस ठेवा. तेथे आर्द्रता १०० टक्क्यांच्या जवळ जाईल. प्रत्येक बाटलीत एकेक तुकडा दोऱ्याने टांगा. तो तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. बाटल्या बंद करून एकाच ठिकाणी ठेवा.

आठवड्याने तुकडे काढून पुन्हा वजन करा आणि लगेच परत टांगा. त्यानंतर मात्र बाटल्या उघडू नका, बाहेरूनच पाहा. बुरशी प्रथम कोणत्या बाटलीत दिसते? दुसऱ्या बाटलीतली हवा पावसाळ्यातल्या एखाद्या उघडीप असलेल्या दिवसासारखी आहे. तेथे बुरशी येते का, आणि आली तर किती दिवसांनी? याची नोंद ठेवा. प्रयोग संपल्यावर बुरशी आलेल्या बाटल्या घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून उघडा.

पिशवी शत्रू की मित्र?

आता माझ्या ट्रंकेकडे वळू. त्या ट्रंकेत ५० लिटर हवा होती असे धरू. एप्रिलमध्ये ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असली, तर एका घनमीटरला १८ ग्रॅम या हिशेबाने ५० लिटर हवेत वाफ झाली ०.९ ग्रॅम. म्हणजे एक ग्रॅमसुद्धा नाही! माझा तुकडा होता एक किलोचा. हाताला कोरड्या लागणाऱ्या एक किलो चामड्यात १४० ग्रॅम पाणी. ट्रंकेतल्या सगळ्या हवेत होते त्याच्या दीडशे पटींहून जास्त!

तेवढ्यावरच भागले नव्हते. ठसे उमटवण्यासाठी चामडे आधी ओल्या स्पंजाने पुसून ओलसर करावे लागते. मी घाईने सगळाच तुकडा ओला केला होता आणि दोनतीन तासांनी वरून कोरडा दिसताच पिशवीत बांधला होता. तीन-चार मिलिमीटर जाडीचे चामडे आतून सुकायला एकदोन दिवसही लागतात. म्हणजे बुरशीला लागणारे पाणी मीच पिशवीत भरले होते आणि ते निसटू नये म्हणून वर गाठही मारली होती. ढिल्या गाठीतून पावसाळी दमटपणा थोडा आत गेला असेलही, पण मोठा साठा आतच होता.

शिवाय ट्रंकेचा तळ गार फरशीला टेकलेला. बंद पिशवीतली वाफ उबदार भागाकडून गार भागाकडे जाते. त्यामुळे तळाकडचे चामडे अधिकच ओले झाले. सर्वांत जास्त ठिपके तेथेच होते.

मग पिशवीत सिलिका जेलची एक पुडी टाकली असती तर? सिलिका जेल आपल्या वजनाच्या फार तर तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी घेते. पाच ग्रॅमच्या पुडीने दीड ग्रॅम पाणी घेतले असते. शेकडो ग्रॅम पाण्यापुढे ते किती पुरणार?

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. पिशवी शत्रूही नाही आणि मित्रही नाही. ती फक्त आहे ते आहे तसे राखते. पूर्ण कोरडे चामडे बंद केले तर ते बराच काळ कोरडे राहील, ओलसर बंद केले तर ओलसर राहील. तेव्हा विचारायचा प्रश्न 'कशात ठेवू?' हा नसून 'बंद करताना त्यात पाणी किती आहे?' हा आहे.

याचे उत्तर वजनकाटा देतो. घाटावर राहत असाल तर मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत चामडे सावलीत, वाऱ्यावर पसरून ठेवा. लागोपाठ तीन दिवस वजन तेच आले की ते वजन चामड्याच्या खरखरीत बाजूवर कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवा. हे झाले तुमचे 'कोरडे वजन'. आता ते घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करायला हरकत नाही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, उघडीप असेल तेव्हा, ते पुन्हा तोलून पाहा. ढोबळ मानाने, शंभर ग्रॅममागे पाच ग्रॅमहून अधिक वाढ दिसली तर बुरशीचा धोका आला असे समजा.

कोकणात आणि गोव्यात उन्हाळाही दमट असतो. तेथे चामडे हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत बंद करावे. बंद करायचे राहून गेले तर चामडे कापडात गुंडाळून घरातल्या सर्वांत उबदार आणि हवेशीर खोलीत, उंचावर ठेवावे. 'उबदार' कशासाठी? २५ अंशांना एका घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता ८५ टक्के असेल तर प्रत्यक्ष वाफ सुमारे १९.५ ग्रॅम. हीच हवा ३० अंशांपर्यंत तापली तर तिच्यात ३० ग्रॅम मावू शकतात, म्हणून आर्द्रता उतरते ६५ टक्क्यांवर. पाण्याचा एक थेंबही न काढता केवळ पाच अंशांनी एवढा फरक पडला! चुलीवरच्या फळीवर बियाणे ठेवण्याची जुनी रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे.

पण म्हणून ओले चामडे शेगडीजवळ किंवा कडक उन्हात सुकवू नका. ओले असताना वनस्पतींनी कमावलेले चामडे ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान एकदम आखडते आणि लाकडासारखे कडक होते. शिक्षकांच्या देखरेखीखाली एक बारीक पट्टी उकळत्या पाण्यात धरून पाहा. आखडलेली पट्टी पुन्हा पूर्ववत होत नाही.

घडी की सुरळी?

दुसरे नुकसान घडीचे. चामडे दुमडले की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली चेपली जाते. ज्या बाजूला केस होते ती गुळगुळीत बाजू म्हणजे बारीक तंतूंचा पातळ थर असतो. तो एवढा ताण सोसत नाही आणि तेथे चीर पडते.

आता सुरळीचा हिशेब करा. कापडाच्या दुकानात ताग्यांच्या आत पुठ्ठ्याच्या नळ्या असतात. त्यांतली १० सेंटिमीटर व्यासाची नळी घ्या. तिच्यावर ३ मिलिमीटर जाडीचे चामडे गुंडाळले, तर आतल्या बाजूचा परीघ होतो सुमारे ३१४ मिलिमीटर आणि बाहेरच्या बाजूचा सुमारे ३३३. फरक केवळ १९ मिलिमीटर, म्हणजे सहा टक्के. त्यातले निम्मे ताणण्यात आणि निम्मे चेपण्यात जाते. तीन टक्के ताण चामडे सहज सोसते. नळी जितकी जाड तितका ताण कमी.

गुंडाळताना गुळगुळीत बाजू बाहेर ठेवा. आत ठेवली तर ती चेपून तिच्यावर सुरकुत्या पडतात. सुरळीवर जुन्या सुती चादरीचे किंवा धोतराचे धुतलेले फडके गुंडाळा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई चामड्यावर उतरते. सुरळी उभी न ठेवता आडवी ठेवा, पावसाचा मारा असलेल्या भिंतीपासून चार बोटे दूर. घट्ट डबा लहान असेल तर चामड्याचे मोठे भाग कापून सपाट ठेवा, पण घडी घालू नका.

उजेडही टाळा. न रंगवलेले चामडे उन्हाने गडद होते. हेही करून पाहता येईल. एका तुकड्यावर कडुलिंबाची डहाळी ठेवा, वर काच ठेवा आणि चारआठ दिवस उन्हात राहू द्या. डहाळीखालचा भाग फिका राहून तिचे चित्र उमटेल. खेळ म्हणून हे छान आहे, पण उघड्या फळीवर ठेवलेल्या चामड्यावर असे नको असलेले चित्र उमटले की ते पुसता येत नाही.

धुरापासूनही चामडे दूर ठेवावे. लंडनच्या अथीनियम क्लबमधील पुस्तकांच्या चामडी बांधण्या खराब होत होत्या. १८४३ साली मायकेल फॅरडे याने त्याचे कारण दाखवले. तेथे जळणाऱ्या गॅसच्या दिव्यांतून निघणारी गंधकाची संयुगे चामडे खात होती.

टाचणीभोवतीचा काळा डाग

तिसरे नुकसान टाचणीचे. लोखंडी खिळा लिंबाच्या रसात रात्रभर ठेवा. सकाळी त्या रसाचे काही थेंब बिनदुधाच्या, बिनसाखरेच्या कडक चहात टाका. चहा काळपट होईल. चहातले टॅनिन आणि लोह यांचे काळे संयुग बनते. हिरडा आणि हिराकस यांची जुन्या काळची काळी शाई हीच. दमट चामड्यातले टॅनिन आणि माझ्या टाचणीचे लोह यांनी पिशवीत बसून ही शाईच तयार केली होती! म्हणून चामड्याला टाचणी, स्टेपलरची पिन, लोखंडी चिमटा लावू नये आणि गंजक्या पत्र्यावर ते ठेवू नये. चिठ्ठी दोऱ्याने बांधावी.

याच रसाचा थेंब चामडे ओळखायलाही उपयोगी पडतो. थेंबाने तुकडा काळा पडला तर त्यात टॅनिन आहे. निव्वळ क्रोमचे चामडे असे काळे पडत नाही. त्याची कापलेली कडही बहुधा निळसर-राखी दिसते.

लहान तुकड्यांचा डबा

कापताना उरलेले तुकडे टाकू नका, पण एकाच पिशवीत कोंबूही नका. आधी वरच्या कसोटीने दोन प्रकार वेगळे करा. मग जाडीप्रमाणे लावा. रंगवलेले तुकडे न रंगवलेल्यांना चिकटून ठेवू नका, दमट हवेत रंग एकाचा दुसऱ्याला लागतो. तळहाताएवढे तुकडे सपाट, एकावर एक ठेवा. त्यांची पाकिटे, चष्म्याची घरे होतील. बोटाएवढ्या पट्ट्या किल्ल्यांच्या जुडग्यांना पुरतील. त्याहून लहान तुकडे रंगाची, टाक्याची आणि ठशाची चाचणी घ्यायला ठेवा. क्रोमच्या चामड्याचे तुकडे मात्र शेकोटीत किंवा बंबात कधीही जाळू नका. जळताना त्यातल्या क्रोमियमचे विषारी रूप तयार होऊ शकते.

बुरशी आलीच तर

आधी ती बुरशीच आहे ना, याची खात्री करा. थंडीत चामड्यातली चरबी वर येऊन पांढरी पूड दिसते. कोमट हवेचा झोत दिला की ती विरघळून नाहीशी होते. बुरशी तशी जात नाही आणि तिला वास येतो. बुरशी असेल तर चामडे घराबाहेर न्या, नाका-तोंडावर रुमाल बांधा आणि मऊ कोरड्या ब्रशाने ती झटका. मग सावलीत वाऱ्यावर चामडे पूर्ण सुकू द्या. शेवटी स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेल्या फडक्याने पुसा. आधी एका कोपऱ्यात करून पाहा, कारण रंग उतरू शकतो. स्पिरिट लवकर पेटते, म्हणून हे काम मोठ्यांसमोर आणि आगीपासून दूर करा. डाग थोडे राहतीलच. आणि चामडे पुन्हा दमट झाले तर बुरशीही पुन्हा येईल, कारण हवेतली बीजे कोणी पुसू शकत नाही.

माझ्या त्या तुकड्यातून पुढे काही छोट्या वस्तू झाल्या. काळ्या डागाचा भाग मी कापून जपून ठेवला आहे. आता कपाटात जी सुरळी आहे, तिच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक आकडा लिहिलेला आहे. पावसाळ्यात दर महिन्याला मी ती तोलतो. एका जनावराची कातडी, कारागिराचे कित्येक आठवड्यांचे श्रम आणि आपले साठवलेले पैसे, एवढे सगळे वाचवायला एक वजनकाटा आणि एक पेन्सिल पुरते. तुमच्या तुकड्यावरही आज एक आकडा लिहून ठेवा.